मुराळ्याचा मान

विघ्ने हरणाऱ्या गणरायाला माझे वंदन. विटेवरच्या सावळ्याला वंदन. पांझरेच्या काठी बसून साऱ्या खानदेशावर नजर ठेवणाऱ्या आई एकवीरेला वंदन. आणि स्वतःचे दोष देवापुढे उघडे करून मांडावेत, हे ज्या संतांनी आम्हाला शिकवले, त्यांच्या पायधुळीला वंदन. मीही आज माझा एक दोष मांडणार आहे. ऐकणाऱ्यांनी कान द्यावेत, आणि जमल्यास क्षमाही द्यावी.

मी दोंडाईच्याच्या पंडित नानांची अँबॅसिडर गाडी बोलतेय.

माझा दोष म्हणजे मत्सर. षड्रिपूंमध्ये त्याचा क्रम शेवटचा लावतात, पण माझ्यात तो एकटा उरलेल्या पाचांची जागा अडवून बसला. पन्नास वर्षे मी देवाधर्माला धावले. नवरात्रात धुळ्याला देवीपुढे उभी राहिले, भजनी मंडळींची ओझी वाहिली, मृदंग मांडीवर घ्यावा तसे मागच्या आसनावर घेतले. तरीही, दारात दुसरी गाडी उभी राहताच माझ्या पोटात जो जाळ उठला, तो इंजिनाचा नव्हता.

माझा जन्म दूर बंगालात, गंगेच्या एका धारेच्या काठी झाला. कारखान्याच्या भिंतीपलीकडून नदीवरच्या होड्यांचे आवाज येत. तेथे माझे अंग ठोकून घडवले गेले. मी गोल, जाड आणि धिमी झाले. घडवणाऱ्यांनी मला सौंदर्य दिले की नाही, हे मी सांगू शकत नाही. बसायला ऐसपैस जागा मात्र दिली. पुढच्या आसनावर तीन माणसे, मागच्यावर चार, आणि लेकरे असतील तर मोजायचीच नाहीत.

नानांनी नाव नोंदवून दोन वर्षे वाट पाहिली, तेव्हा कुठे मी एकोणीसशे शहात्तर साली धुळ्याला आले. नाना मिरचीचे व्यापारी. मला घरी नेताना त्यांनी धोतर झटकून मगच आसनावर बसण्याची काळजी घेतली, तरी मिरचीची भुकटी माझ्या गादीत शिरली ती कायमची. त्यानंतर माझ्यात बसणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या मैलात शिंकत असे. नाना हसून म्हणत, "शिंका, शिंका! गाडी तुमना नाव इचारी ऱ्हायनी."

नानांना एकच बहीण, लता. नानांहून ती पंधरा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेल्यामुळे नानांनीच तिला वाढवले, वेणी घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत. मी घरी आले, त्यानंतरच्या फाल्गुनात तिचे लग्न झाले आणि ती पिंपळनेरला नांदायला गेली.

आता खानदेशाबाहेरच्या श्रोत्यांसाठी दोन शब्द सांगते. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. दिवाळीला येवो न येवो, लेक आखाजीला माहेरी आलीच पाहिजे. मात्र ती आपली आपण येत नाही. माहेरचे कोणीतरी तिला आणायला जाते. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात दिसला की सासुरवाशिणीच्या पायांना पंख फुटतात, आणि सासरची मंडळी त्याला गूळपाणी देऊन, टॉवेल-टोपी घालून त्याचा मान करतात.

लताची ती पहिलीच आखाजी. नेमके नाना टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते. त्यांनी आपला चालक वना याला माझ्यासह पाठवले. वना तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा, ट्रक हाकून आलेला आणि तोंडाचा तिखट. पिंपळनेरच्या दारात मी थांबले. लताचे सासरे मगन आबा ओसरीवर बसले होते. शिस्तीचे मोठे कडक.

"मुराळी कोन उना शे?" आबांनी विचारले.

"नाना आजारी शेत, आबा. मी गाडी लई उनू."

"तू तर डायवर. डायवर कधी मुराळी ऱ्हास का? माहेरनं मानूस पाहिजे. नही तर आमनी सून येवाव नही."

आतल्या दाराआड लता बोचके घेऊन उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज एकाएकी थांबला, तो मी ऐकला. वनाने डोके खाजवले, माझ्याकडे पाहिले आणि पुढे येऊन हात जोडले.

"आबा, मुराळी मी नहीच. मुराळी ही शे. आमना नानाना घरनीच शे ना ही? मी निस्ता हिना सारथी."

आबांनी मला पुढून मागून न्याहाळले. मग त्यांच्या मिशा हलल्या. "अस्सं! मंग टोपी काय गाडीले घालानी का?"

"घाला ना, आबा. मान तो मान."

आणि खरोखर, आबांनी उठून माझ्या कपाळी कुंकू लावले, बॉनेटच्या टोकावर पांढरी टोपी ठेवली आणि आरशाला टॉवेल बांधला. गल्लीतली बायामाणसे पोट धरधरून हसली. लता पदरात तोंड लपवून हसत हसत माझ्यात येऊन बसली, आणि अर्थातच शिंकली.

त्या दिवसापासून मी मुराळी झाले. शब्द पुल्लिंगी, मी स्त्रीलिंगी, पण मानाला लिंग नसते. नाना बरे झाले तरी पुढच्या वर्षी तेच म्हणाले, "मुराळी गाडी जाई. मी निस्ता संगे बसस." करोनाचे एक वर्ष वगळले, तर एकाही आखाजीला मी चुकले नाही. साक्रीला पोचेपर्यंत माझे पाणी उकळू लागे. तेथे एका कडुनिंबाखाली थांबायचे, झाकण उघडायचे, वाफ जाऊ द्यायची, मला गार पाणी पाजायचे आणि माणसांनी चहा घ्यायचा. हे ठरलेले होते. त्या पाऊण तासात येताना लता नानांना वर्षभराचे सारे सांगून टाकी. मी उकळले नसते, तर भावाबहिणीला इतके बोलायला कधी मिळाले असते, हे देवच जाणे.

अशी मी मानाने म्हातारी झाले. दर पाच वर्षांनी माझे कागद नवे होत राहिले. वनाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, नानांची पाठ वाकली. लताची लताबाई झाली, केस पांढरे झाले, गुडघे धरले. नानांचा मुलगा योगराज जळगावला गेला, पाण्याच्या मोटारींचे त्याचे दुकान चांगले चालले. आणि गेल्या दसऱ्याला तो ती घेऊन आला.

तिचे वर्णन मी प्रामाणिकपणे करते, कारण खोटे सांगितले तर मत्सराला आणखी एक पाप चिकटेल. ती सुंदर होती. पावसाळी ढगासारखी निळसर राखाडी, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि अंगावर कुठे एक सांधा दिसेल तर शपथ. माझ्या पोटात पन्नासएक घोड्यांचे बळ. तिच्या पोटात म्हणे साडेतीनशे. उभ्या जागेवरून पाच सेकंदांत ती शंभराचा वेग गाठते. मला तेवढ्या वेळात पहिला गिअर सापडतो. तिला किल्ली फिरवावी लागत नाही, खिडकी हाताने गुंडाळावी लागत नाही, आसन उन्हाळ्यात गार होते. तिच्या पोटात एक बाई बसलेली आहे, ती रस्ता सांगते. मात्र पिंपळनेरला ती "पिंपालनर" म्हणते. ते ऐकून मला जे सुख झाले, ते सांगायलाही लाज वाटते.

योगराजने तिला माझ्या शेजारी उभे केले. माझी जागा नानांच्या खोलीच्या खिडकीखाली, पत्र्याच्या छपराखाली. त्याने मला ढकलून एका अंगाला सारले आणि सावलीचा मधला भाग तिला दिला. माझे मागचे चाक तेव्हापासून उन्हात राहिले.

शेजारपाजारची माणसे आली. पूर्वी तीच माझ्या दारावर हात ठेवून गप्पा मारत. आता ती माझ्यावर टेकून तिला पाहू लागली. माझा उपयोग टेकायला! वना तेवढा तिच्याकडे डोळे बारीक करून म्हणाला, "योगराज भाऊ, गाडी चांगली शे. पन कितली खाले शे! इन्हामा बठानं का उतरानं?"

"वनाकाका, ही पळण्यासाठी आहे. बसून गप्पा मारण्यासाठी तुमची मुराळी आहेच की," योगराज हसून म्हणाला. त्याच्या मनात अपमान नव्हता. माझ्या मनात मात्र ते वाक्य काट्यासारखे रुतून बसले.

आणि मग यंदाची आखाजी आली.

नाना एक्क्याऐंशी वर्षांचे. माघापासून त्यांचे हृदय थकत चालले होते. योगराजची बायको मंजू चैत्रापासून दोंडाईच्यालाच त्यांच्या सेवेला राहिली होती. लताबाई एरवी आठ दिवस आधी येते. यंदा तिच्या यजमानांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते, म्हणून आखाजीच्या आदल्या दिवशी तिला आणायचे ठरले. नानांनी वनाला खिडकीतून बजावले होते, "मुराळी तयार ठेव."

त्या सकाळी सातलाच वना आला. त्याने मला धुतले, पाणी भरले, पुढे आंब्याच्या पानांचे तोरण बांधले. योगराज आदल्या संध्याकाळी जळगावहून आला होता. तो गाडी चालवणार आणि वना सारथ्याच्या मानाने शेजारी बसणार, असे ठरले होते. मी सजून उभी होते. शेजारची बिनतोरणाची होती. मी तिच्याकडे एकदा नव्हे, चारदा पाहिले.

आठ वाजता डॉक्टर आले. ते बाहेर पडले, तेव्हा माझ्या दाराशीच उभे राहून योगराजला हळू आवाजात म्हणाले, "दुपार निघेल असे मला वाटत नाही. हलवण्यात अर्थ नाही. ज्यांना भेटायचे आहे, त्यांना बोलावून घ्या."

हे मी ऐकले. श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. मला ठाऊक नव्हते, असे म्हणायची सोय मला नाही.

मंजू डोळे पुसत बाहेर आली. "आत्यांना फोनवर सांगू नका हो. त्यांचे बीपी किती वर असते, ठाऊक आहे ना? त्यांचे यजमान डोळ्याला पट्टी लावून पडलेत, घरात दुसरे कोणी नाही. आखाजीचा मुराळी निघालाय, एवढेच सांगा."

"तेच सांगतो. मी निघतो." योगराज माझ्याजवळून पुढे गेला आणि तिच्या दाराशी उभा राहिला.

वना आडवा आला. "भाऊ, मुराळी ही शे."

"वनाकाका, आज नको."

"पन्नास सालनी रीत शे, भाऊ! लताअक्का काय म्हनी? नाना काय म्हनतीन?"

"काका, तुमची मुराळी साक्रीला पाऊण तास पाणी पिते! जायला तीन तास, यायला तीन. सहा तास आहेत का आपल्याकडे?"

वनाचा हात खाली आला. तो बाजूला झाला. ती नुसती गुरगुरली, आणि फाटकाबाहेर धूळ उरली.

आता माझा अपराध. नानांचे प्राण कंठाशी आले आहेत, हे मला ठाऊक होते. आपल्या हातांनी वाढवलेल्या बहिणीला एकदा डोळे भरून पाहण्यासाठी ते अडून आहेत, हेही ठाऊक होते. तरी मी आई एकवीरेला हाक मारली आणि म्हणाले, "आई, हिचे चाक फुटू दे. निजामपूरच्या अलीकडेच फुटू दे. ती रस्त्यात उभी राहू दे. मग त्यांना माझी आठवण होईल, वना मला बाहेर काढील आणि लता माझ्यातूनच माहेरी येईल. माझा मान माझ्यापाशी राहील." नवरात्रात ज्या भक्तीने मी तिचा जयजयकार ऐकला, त्याच भक्तीच्या बळावर मी हे मागत होते. तोरण गळ्यात होते आणि विष पोटात.

खिडकी उघडी होती. नानांचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"गाडी गयी का?"

"हो नाना, गेली," मंजू म्हणाली. कोणती, हे तिने सांगितले नाही. नानांनीही विचारले नाही. त्यांच्या लेखी गाडी एकच होती.

थोड्या वेळाने पुन्हा, "निजामपूर उनं व्हई आते."

नऊला ती निघाली होती. या वेळेला ती निजामपूर ओलांडून कधीच पुढे गेली असणार. मी असते, तर खरोखर निजामपूरलाच असते. नाना डोळे मिटून माझ्यासोबत प्रवास करत होते. प्रत्येक वळण, ओढ्यावरची प्रत्येक फरशी त्यांना पाठ होती. मला क्षणभर अतिशय आनंद झाला. हा माणूस शेवटच्या वेळीही माझ्याच बरोबर आहे!

मग ते म्हणाले, "वना साक्रीले पानी पाजी ऱ्हायना व्हई तिले. पाजू दे. उतावळ नको. लता ई तवलोंग मी थांबसू."

वना खिडकीबाहेर, माझ्या पुढच्या चाकाशी बसला होता. त्याने तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला.

नाना माझ्या गतीने श्वास मोजत होते, श्रोतेहो. माझे पाणी गार होईपर्यंत ते आपला जीव धरून ठेवणार होते. जाताना एकदा, येताना एकदा. आणि त्यांच्या दोन श्वासांमधले अंतर खिडकीतून मला ऐकू येत होते. आधी ते एका श्वासाएवढे होते, मग दोन, मग तीन. मी पन्नास वर्षे इंजिनांचे आवाज ऐकले आहेत. कोणते किती अंतर काढील, हे मला कळते. एवढ्या दमात दुपारचे तीन गाठता येत नाहीत.

माझ्या मागण्याप्रमाणे देवीने केले असते तर? ती नवी गाडी या क्षणी कुठे असेल? खरोखरच चाक फुटून उभी असेल तर?

माझे दार आपोआप करकरले, तेव्हा वनाने दचकून पाहिले. "आई," मी म्हणाले, "मघाचे परत घे. ते मी मागितलेच नाही असे कर. तिला पळव. तिची साडेतीनशे घोडी एकदम सोड. तिच्या पुढचा रस्ता मोकळा कर, गतिरोधक सपाट कर, गुरे बाजूला घे. माझा मान तिला दे, पण तिला आण." देवापुढे इतकी खरी मी आयुष्यात प्रथमच बोलले. आणि सांगायला लाज वाटते, तिच्यासाठी प्रार्थना करतानाही मत्सर पूर्ण निघाला नव्हता. तो कोपऱ्यात बसून माझ्याकडे पाहत होता. पण बोलणारी मी होते, तो नव्हता.

साडेअकराला दहा कमी असताना फाटकाबाहेर ती गुरगुरली. दार उघडले, आणि आतून लताबाईचे हसणे बाहेर आले.

"योगराज, धर मला! कसली मेली ही गाडी? विहिरीतून वर काढल्यासारखे काढावे लागते! आणि वना, ऐक तर! मी भाऊसाठी मळ्यातले डांगर आणले, हे एवढे मोठे खरबूज, ते मागच्या सीटवर ठेवले. तर ही सारखी टुंग टुंग ओरडायला लागली. योगराज म्हणतो, 'आत्या, तिला वाटते तिथे माणूस बसलाय, पट्टा लाव.' अरे, मी डांगराला पट्टा बांधला! साक्रीपासून डांगर पट्ट्यात…"

तिने वनाचा चेहरा पाहिला. मग दाराशी उभ्या मंजूचा. हसू जागच्या जागी थांबले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. माझ्या गळ्यात तोरण, आणि मी इथेच. मला न घेता मुराळी का आला, हे तिला तेवढ्यात सारे कळले. गुडघे विसरून ती आत धावली.

पुढचे मी खिडकीतून ऐकले.

"भाऊ. मी उनी."

खाट करकरली. मग नाना म्हणाले, "लता? इतली लवकर कशी उनी तू?"

"उनी ना भाऊ. मुराळी उना, मी उनी."

"मुराळी कोन व्हता?"

ती मायेने खोटे बोलली. "आपलीच गाडी, भाऊ. दुसरं कोन?"

नानांच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला. "खोटं बोलस. तिना आवाज मी वळखस. आनी तू शिंकनी बी नही. आपली तर आते साक्रीले पानी पी ऱ्हायनी व्हई." श्वास. "नवी उनी का?"

"हां, भाऊ."

"मंग आज तीच मुराळी. जी तुले लई उनी ती. योगराज, तिले टोपी घाल."

"नाना, आता टोपी कशाला…"

"घाल. मान तो मान."

माझ्या धन्याने स्वतःच्या तोंडाने माझा मान दुसरीला दिला. त्या शब्दांनी मी आतून चिरले गेले, आणि त्याच वेळी मला असे हलके वाटले, जसे डोंगर उतरल्यावर ब्रेकवरचा पाय काढावा.

योगराज टॉवेल-टोपी घेऊन बाहेर आला. तिच्या बॉनेटवर टोपी ठरेना. इतके गुळगुळीत अंग, तेथे काय ठरणार? घसरून दोनदा खाली पडली. मग त्याने ती आरशावर अडकवली. दाराला कुलूप लागताच आरसा आपणहून मिटला आणि टोपी पुन्हा धुळीत. योगराज तसाच खाली बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागला. शेवटी वनाने टोपी उचलली, झटकली, दार उघडून घेऊन आतल्या स्टिअरिंगच्या चक्रावर नीट ठेवली आणि बोटभर कुंकू तिच्या कपाळी लावले. "ले माय," तो म्हणाला, "आज तू धावनी."

लताबाईने डांगराची एक फोड कुस्करून नानांच्या ओठांना लावली. तो गोड थेंब घेऊन, बहिणीचा हात हातात ठेवून, विठ्ठलाचे नाव ऐकत, बारा वाजून गेल्यावर केव्हातरी नाना गेले. डॉक्टर म्हणाले होते तशी दुपार निघाली नाही. पण भेट झाली.

दुसऱ्या दिवशीची आखाजी घरात कोणाला कळलीही नाही. तेरा दिवस दारात माणसांची ये-जा राहिली. चौदाव्या दिवशी लताबाई सासरी जायला निघाली. योगराजने नवीचे दार उघडून धरले.

लताबाईने मान हलवली. "नको रे, योगराज. आणायला घाई होती. आता मला कुणाची घाई?"

आणि ती माझ्याकडे आली.

योगराजला माझा गिअर सापडेना. चक्राच्या बाजूची दांडी ओढता ओढता मी तीनदा बंद पडले. शेजारी बसलेल्या वनाला दुःखातही राहवेना. "भाऊ, आठे बटन नही. हिले मनाव्वं लागस. हळू. तिना गुडघा बी लताअक्कानागत शेत." मागे लताबाई पदराआड हसली, मग शिंकली, आणि शिंक संपल्यावर बराच वेळ नाक पुसत राहिली.

साक्रीला मी उकळले. सगळे उतरले. लताबाई उतरली नाही. वाफ जाईपर्यंत ती मागच्या आसनावर एकटीच बसून होती, शेजारच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. पाऊण तास ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती. वर्षभराचे असावे. काय ते मी ऐकले, पण ते भावाबहिणीचे आहे. ते मी सांगणार नाही.

पिंपळनेरला तिला उतरवले. परत येताना मी रिकामी होते. लेकीला माहेरी आणणाऱ्याला मुराळी म्हणतात. तिला सासरी पोचवून रिकाम्या हाताने परतणाऱ्याला काही नाव आहे का, ते मला ठाऊक नाही. निदान मी ऐकलेले नाही. ज्याला नाव नाही, त्याचा मानही करत नाहीत. तरीही माझ्या साऱ्या आखाज्या एका बाजूला आणि ती बिनमानाची एक फेरी दुसऱ्या बाजूला ठेवली, तर मी ती फेरी उचलीन.

आज मी त्याच छपराखाली आहे. योगराज आला की ती माझ्या शेजारी उभी राहते. मत्सर गेला, असे मी म्हणणार नाही. कोणी तिच्या अंगावरून हात फिरवला की माझा पत्रा अजून तापतो. पण आता ती निघाली, की मी मनात म्हणते, सांभाळून जा, वेळेवर पोच. आधी हे शब्द जिभेने म्हणत होते, आता थोडे थोडे आतून येतात. देवाने माझे एक मागणे नाकारले आणि एक ऐकले. दोन्ही वेळा त्याने माझ्यावरच कृपा केली.

मुलांनो, तुमच्या दारात जुनी गाडी असेल, तर तिला रोज धावायला लावू नका, पण भंगारात टाकण्याची उतावीळही करू नका. घाई नसलेला एखादा दिवस घरात येतोच. त्या दिवशी तिला बाहेर काढा.

हे ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण होवो. तुमच्या घरच्या लेकी दर आखाजीला माहेरी येवोत, आणि त्यांची वाट पाहणारे कोणी ना कोणी उंबऱ्यात असो. आणणारा वेळेवर पोचो. ज्यांचे भाऊ उरले नाहीत, त्यांच्या पाठीशी तो सावळा भाऊ होऊन उभा राहो. घराघरांत पाण्याची घागर भरलेली राहो, चूल पेटती राहो, आणि कोणाच्याही पोटात दुसऱ्याच्या मानाने जाळ न उठो. आई एकवीरा तुम्हा साऱ्यांच्या वाटेवर उभी राहो.